‘ही केबल बंदच आहे’ म्हणून कापायला घेताय? या चुका टाळा

मोटर काढली, पंप भंगारात गेला, केबल मात्र ट्रेमध्येच (केबल वाहून नेणाऱ्या धातूच्या पन्हळीत) राहिली. चालू कारखान्यात शटडाउन मिळतो दोन दिवसांचा. त्यात जुनी केबल ओढून काढायला सवड कुणाला? असं करत करत ट्रे गच्च भरतो. मग नव्या केबलला जागा हवी म्हणून कुणीतरी हॅकसॉ घेऊन वर चढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच टोक पाहून ठरवणं. मोटरकडचे लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) सुटलेले दिसले, पण पॅनलमध्ये फीडर, म्हणजे त्या केबलला वीज देणारं सर्किट, अजून जोडलेला असू शकतो. कंट्रोल केबल (चालू-बंदचे सिग्नल नेणारी) तर आणखी फसवी. आपल्या पॅनलचा फ्यूज काढला तरी इंटरलॉकमधून (एक यंत्र दुसऱ्यावर अवलंबून ठेवणाऱ्या जोडणीतून) दुसऱ्या पॅनलचा सप्लाय त्याच केबलच्या एखाद्या कोअरवर, म्हणजे आतल्या तारेवर, येत राहतो. म्हणून दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहा, प्रत्येक कोअर दोन्हीकडे सोडवा, मगच टॅग लावा. ड्रॉइंगवर विसंबू नका, शेवटचा बदल त्यात क्वचितच उतरलेला असतो. दुसरं टोक सापडत नसेल तर ती केबल चालू आहे असंच धरा.

आता नेहमीची अडचण. दोन्ही टोकं मोकळी, तरी डिजिटल मल्टिमीटर साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. शेजारून चालू केबल लांबवर समांतर गेली असेल तर हे होतं. लो-इम्पीडन्स टेस्टर (मोजताना थोडा करंट ओढणारा) लावून पाहा. व्होल्टेज कोसळलं तर ते प्रेरित, म्हणजे शेजारच्या केबलमुळे आलेलं आहे; तरीही काम करण्याआधी कोअर अर्थ करा, झटका बसून माणूस शिडीवरून पडू शकतो. व्होल्टेज टिकून राहिलं तर कुठून तरी बॅकफीड (दुसऱ्या वाटेने येणारा सप्लाय) आहे, काम तिथेच थांबवा.

याच्या उलट फसगत पेन टेस्टरची (तारेला न टेकता व्होल्टेज ओळखणारा). आर्मर्ड केबलवर (आर्मर म्हणजे धातूचं कवच असलेल्या) तो गप्प बसतो, कारण अर्थ केलेलं आर्मर आतलं विद्युतक्षेत्र बाहेर येऊ देत नाही. त्या शांततेवर जीव टांगू नका. टेस्टर कोणताही असो, आधी चालू पॉइंटवर तपासा, मग केबलवर लावा, नंतर पुन्हा चालू पॉइंटवर तपासा.

सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मोजण्यासाठी लहान करून देणारा) सेकंडरीची, म्हणजे मीटरकडच्या बाजूची, केबल मला सगळ्यात जास्त धास्ती घालते. तिच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती मेलेली वाटते. पण प्राथमिक बाजूला करंट वाहत असताना ती कापली, तर उघड्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. सीटीच्या टर्मिनलवर शॉर्टिंग केल्याशिवाय (दोन्ही टोकं एकमेकांना जोडल्याशिवाय) तिला हात नाही.

आर्मरही तपासा. जुन्या केबलचं आर्मर एखाद्या जंक्शन बॉक्सचं अर्थिंग करत असतं. केबल गेली की अर्थिंगही जातं.

११ केव्हीची केबल असेल तर दोन्ही टोकं आयसोलेट आणि अर्थ करा, आणि दुरून चालवायच्या स्पायकिंग टूलने (केबलमध्ये टोकदार खिळा घुसवणाऱ्या हत्याराने) आधी ती भेदा. हॅकसॉ त्यानंतर.

गच्च ट्रेमधून केबल ओढू नका, शेजारच्या केबलचं जुनं, कडक झालेलं पीव्हीसी सोलतं. शटडाउनपर्यंत ठेवायची असेल तर टोकांना हीट-श्रिंक कॅप घाला. नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

केबल निघाली की भिंतीत भोक उरतं. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या अशाच एका भोकातून हवा गळते का, हे मेणबत्ती धरून पाहत होते. भोक बुजवायच्या फोमने पेट घेतला आणि सोळाशेहून अधिक केबल्सचं नुकसान झालं. तेव्हा भोक अग्निरोधक सीलंटने बुजवल्याशिवाय परमिट (कामाची लेखी परवानगी) बंद करू नका.