चिपी ते रत्नागिरी: 62 मैल, पण मिनिटं किती?

नेव्हिगेशनच्या पेपरला मी पहिल्यांदा नापास झालो. कमर्शियल पायलटच्या लेखी परीक्षेत 70 टक्के लागतात आणि माझी गणितं अंतरापाशीच चुकत होती. वेंगुर्ल्याला घरी आलो, भिंतीवर चार्ट, म्हणजे वैमानिकांचा नकाशा, लावला आणि ठरवलं, परक्या गावांची उदाहरणं सोडवायची नाहीत. चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ, ते रत्नागिरी घ्यायचं. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची आहे, तेव्हा हा सराव कागदावरचाच. पण खालचा किनारा ओळखीचा.

चिपी साधारण 16 अंश उत्तरेला, रत्नागिरी 17 च्या किंचित वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 नॉटिकल मैल (इथे मैल म्हणजे नेहमी हेच), त्यामुळे उत्तर साठाच्या आसपासच यायला हवं, हे डिव्हायडर हातात घेण्याआधीच कळतं. मी मोजलं तर 65 आले. डिव्हायडर चार्टच्या वरच्या कडेला, रेखांशाच्या पट्टीवर लावला होता! मैल मोजायचे ते नेहमी बाजूच्या, अक्षांशाच्या पट्टीवर. आपल्याकडे या चुकीने दोन-तीन मैल जातात. 60 अंश उत्तरेला गेलात तर अंतर थेट दुप्पट दिसेल. खरं उत्तर 62 मैल, म्हणजे 115 किलोमीटर. महामार्गाने हेच दीडशेच्या वर जातं.

आता वेळ. जेटच्या ताशी 800 किलोमीटरने भागलंत तर साडेआठ मिनिटं येतात. ती विसरा. शिकाऊ विमान 100 नॉटचं, म्हणजे ताशी 100 नॉटिकल मैलांचं धरा: वारा नसेल तर 37 मिनिटं. पण एप्रिलातल्या दुपारी खारा वारा जोर धरतो. तो वायव्येकडून 20 नॉट असेल तर नाक सहा अंश समुद्राकडे वळवून ठेवावं लागतं, देवगड आणि विजयदुर्ग डाव्या हाताला ठेवून. ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, उरतो 83. वेळ 45 मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, 32 मिनिटं. बेरीज करा: 77. वारा नसता तर 74 लागली असती. जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. हे मला त्या भिंतीपाशी उमगलं आणि इंधनाचं गणित तिथून सुटायला लागलं.

दिशा मोजताना प्रोट्रॅक्टर मधल्या रेखांशावर ठेवा. किलोमीटर आणि मैल एकाच ओळीत लिहू नका.

पुढचा सराव चिपी ते मुंबई. साधारण 190 मैल यायला हवेत. एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाच्या 270 नॉटने 42 मिनिटं होतात, पण विमान कंपन्या अशा मार्गाला तासाहून जास्त वेळ धरतात. कारण वेळापत्रकातला वेळ विमान स्टँडवरून, म्हणजे उभं राहण्याच्या जागेवरून, हलल्यापासून पुन्हा स्टँडवर थांबेपर्यंतचा असतो. टॅक्सी, चढण आणि मुंबईवरची रांग त्यातच आली. आधी स्वतः मोजा, मग माझ्या आकड्याशी ताडून बघा.