झिरो माईलचा दगड आणि माझ्या तुटलेल्या लिंका

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मामांच्या मंगल कार्यालयासाठी चार पानांची वेबसाइट केली, नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, लिहून. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चाललं. सर्व्हरवर, म्हणजे साइट जगाला दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर, चढवलं आणि संध्याकाळी मामांचा फोन आला. "काय बे, फोटोवर दाबून राहिलो, तर पान सापडत नाही म्हणून राहिलं!"

लिंक बनते ए टॅगने, आणि तो पाच मिनिटांत येतो. ए म्हणजे अँकर. टॅगमध्ये एचरेफ हा शब्द, बरोबरचं चिन्ह, अवतरणात जिथे जायचं त्या पानाचा पत्ता. मग लोकांना दिसणारे शब्द आणि शेवटी स्लॅशवाला बंद टॅग. तो बंद टॅग विसरलात तर पुढचा मजकूरही निळा होऊन बसतो, एवढंच. खरा घोळ पत्त्यात होतो.

आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर तिथून जबलपूर, रायपूर, हैदराबादची अंतरं कोरलेली आहेत. तोच दगड उचलून कामठीला नेला तर सगळे आकडे खोटे. रिलेटिव्ह पत्ता तसाच असतो: लिंक ज्या पानात आहे, तिथून मोजायचा. शेजारच्या फाइलचं नुसतं नाव पुरतं. फोटोंच्या फोल्डरातल्या पानावरून बाहेरच्या पहिल्या पानावर यायचं, तर आधी दोन टिंबं नि स्लॅश. पान दुसऱ्या फोल्डरात हलवलं की मोजणी पुन्हा करायची.

मी तर थेट सी ड्राइव्हचा पत्ता टाकला होता. तो माझ्या खोलीपुरता. मामांच्या मोबाइलला माझी सी ड्राइव्ह कुठून दिसणार? ते सुधारलं, तरी एक पान उघडेना. त्यात एक रात्र गेली. फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं, लिंकमध्ये लहान. विंडोजला ते चालतं, लिनक्सच्या सर्व्हरला दोन्ही नावं वेगळी वाटतात. तेव्हापासून माझ्या फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता.

दुसऱ्या साइटची लिंक देताना एचटीटीपीएसपासून अख्खा पत्ता लिहा. नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूपासून लिहिलं, तर ब्राउझर त्या नावाची फाइल तुमच्याच फोल्डरात शोधत बसतो. आणि 'येथे क्लिक करा' लिहू नका हो. 'हॉलचं भाडं' लिहा, माणसाला आधीच कळतं आपण कुठे चाललो. प्रत्येक लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची हौस मलाही होती. मामांच्या फोनवर सतरा टॅब पाहिले आणि ती फिटली.

मामांना सगळ्यात आवडली ती फोनची लिंक. एचरेफमध्ये पत्त्याच्या जागी टेल, कोलन, मग अधिक एक्क्याण्णव लावून नंबर. मोबाइलवर दाबलं की नंबर थेट डायलरमध्ये. त्यांनी लगेच स्वतःच्या फोनवरून दाबून पाहिली. नंबर त्यांचाच, तो बिझी लागला.

"हे पण बिघडलं बे," म्हणाले.