सूची क्रमांक २ वरून घरांच्या किमतींचा तक्ता कसा करावा

मुद्रांक व नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून आपल्या परिसरातल्या व्यवहारांचे सूची क्र. २ चे (म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सारांशाचे) उतारे काढा आणि स्प्रेडशीट उघडा. एक ओळ म्हणजे एका घराचा एक व्यवहार, हा नियम मोडू नका. रकाने असे ठेवा: दस्त क्रमांक, विलेखाचा प्रकार, करून दिल्याचा दिनांक, इमारत, मजला, मोबदला, क्षेत्रफळ, क्षेत्राचा प्रकार, पार्किंग, शेरा.

रक्कम पूर्ण रुपयांत आणि इंग्रजी अंकांत लिहा. ‘९० लाख’ असे लिहिले की बेरीज होत नाही.

किंमत ‘मोबदला’ या रकान्यातून घ्या. ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनर या सरकारी दरतक्त्याप्रमाणे काढलेले मूल्यांकन, त्याने घराची खरी किंमत कळत नाही. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत, चूक दुरुस्ती पत्र वेगळ्या पानावर हलवा. अविभक्त हिस्सा विकलेला दस्तही तिकडेच जाऊ द्या, नाहीतर अर्ध्या घराची किंमत अख्ख्या घराची म्हणून मोजली जाते. एकाच घराचा आधी करारनामा आणि नंतर खरेदीखत झाले असेल तर करारनामा ठेवा, कारण भाव तेव्हा ठरलेला असतो.

आता क्षेत्रफळ. बहुतेक तक्ते इथेच बिघडतात. उताऱ्यात कधी चौरस मीटर असते, कधी चौरस फूट. कधी चटई (घराच्या आतले वापरायचे क्षेत्र), कधी बांधीव (बाहेरच्या भिंतींसकट). एकक बदलणे सोपे आहे: चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा. प्रकार मात्र मालमत्तेचे वर्णन शब्द न् शब्द वाचूनच ठरवावा लागतो. ‘बांधीव असेल तर १.२ ने भागा’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो मानू नका. ते मूल्यांकनाच्या सोयीचे गुणोत्तर आहे, प्रत्यक्ष इमारतींमध्ये ते वेगवेगळे निघते. ६० चौ. मी.चे घर ९० लाखांना गेले असेल, तर ६० चटई धरल्यास दर चौरस फुटाला सुमारे १३,९३५ रुपये येतो. तेच ६० बांधीव मानून भागाकार केला की १६,७२२. घेणाऱ्याची फसगत व्हायला एवढा फरक पुष्कळ झाला.

चटईतही दोन प्रकार आहेत. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाल्कनी, उघडी गच्ची आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. मोफा या जुन्या सदनिका कायद्याखालच्या करारांत बाल्कनी चटईत मिसळलेली असू शकते. म्हणून क्षेत्राच्या प्रकारात चारच पर्याय ठेवा: रेरा चटई, जुनी चटई, बांधीव, अस्पष्ट. दर काढताना सारख्याची तुलना सारख्याशीच करा. ‘अस्पष्ट’ ओळी पुसू नका, फक्त दराच्या हिशेबातून वगळा. मूळ वर्णन शेऱ्यात जसेच्या तसे चिकटवा, म्हणजे पुढचा माणूस तपासू शकेल.

इमारतीचा भाव सांगताना सरासरीऐवजी मध्यक (दर क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) द्या. एखादे पेंटहाऊस सरासरी वर ओढते. किती व्यवहारांवरून काढला तेही शेजारी लिहा.

तक्ता कुणाला पाठवण्याआधी पक्षकारांची नावे, पत्ते आणि पॅन क्रमांक काढून टाका. चिकटवलेल्या वर्णनातही ते शिरलेले असतात. घर क्रमांकाऐवजी मजला पुरतो.