पार्किन्सनच्या माणसाला भास होतात तेव्हा: या चुका टाळा

अंगणात पोरं खेळताना दिसणं, पायाशी मांजर घुटमळल्यासारखं वाटणं, पाठीमागे कोणीतरी उभं आहे असा भास होणं, हे सगळं पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, आजाराचाच भाग असतं. आजार जुना होत जातो तसतसे निम्म्याहून अधिक जणांना कधी ना कधी असे भास होतात. तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. आधी दृष्ट काढतात, मग देवरशाकडे जातात, मग अमावास्या टळायची वाट बघतात. श्रद्धा असेल तर अंगारा जरूर लावा, पण त्याच दिवशी गोळ्यांची पिशवीही उघडून बघा. पुष्कळदा कारण त्या पिशवीत नाहीतर लघवीच्या तपासणीत सापडतं.

गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करणं

सगळ्यांत धोक्याची चूक हीच. "गोळ्यांनी डोकं फिरलंय" असं कोणीतरी म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, बंद होते. यात अर्धं खरं आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामाइन कमी पडतं, गोळ्या ते भरून काढतात, आणि तेच वाढलेलं डोपामाइन भासांना हातभार लावतं. पण आजार स्वतःही मेंदूचा बघण्याशी जोडलेला भाग बिघडवत असतो. लेव्होडोपा एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं ताठतं, घास गिळता येत नाही, जोराचा ताप चढतो, माणूस भ्रमिष्ट होतो. यात जीवही जाऊ शकतो.

डॉक्टर गोळ्या कमी करतात त्याला क्रम असतो. थरथर कमी व्हावी म्हणून कधीकाळी सुरू केलेली आणि तशीच चालू राहिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, बहुधा आधी जाते. मग अमांटाडिन, त्यानंतर प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल. लेव्होडोपाला हात शेवटी लावतात, कारण माणूस चालता-फिरता राहतो तो तिच्यामुळेच.

दोन गावांच्या दोन फायली

ही आपल्या सीमाभागाची खास अडचण. मेंदूचे डॉक्टर बेळगावात, डोळ्यांचे मिरजेला, लघवीच्या तक्रारीसाठी पावण्यांच्या ओळखीनं कोल्हापूर, आणि सर्दी-खोकल्याची गोळी गल्लीतल्या मेडिकलमधून. कोणाचं औषध कोणाला ठाऊक नसतं. लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सर्दीवरची क्लोरफेनिरामिन आणि पॅसिटेन या तिन्ही मेंदूतल्या एकाच रसायनाचं, अॅसिटिलकोलिनचं, काम दाबतात. स्मरण आणि भान त्याच्या आधारावर टिकतं. एकेक गोळी सोसवेल, तिन्ही मिळून म्हाताऱ्या माणसाला सोसवत नाहीत.

चूर्णांचंही तसंच. खानापूरच्या रानात खाजकुइलीचे वेल असतात. तिच्या बियांत, म्हणजे कौचबीजात, लेव्होडोपा निसर्गतःच असतं. ताकदीसाठी म्हणून ते चूर्ण चालू केलं आणि वर सिंडोपाही चालूच राहिली, तर डोस नकळत वाढतो. झाडपाला आहे म्हणून काही होत नाही, असं धरून चालू नका. डॉक्टरांकडे जाताना गोळ्या, थेंब, चूर्ण, काढा असेल ते सगळं एकाच पिशवीत घालून न्या आणि यादी एकच ठेवा, मग दवाखाना कर्नाटकातला असो की महाराष्ट्रातला.

अचानक झालेला बदल "आजार वाढला" म्हणून सोडून देणं

भास महिन्या-महिन्यांनी हळूहळू वाढले तर पुढच्या तारखेला सांगता येतं. पण कालपर्यंत बरा असलेला माणूस दोन दिवसांत बरळायला लागला, दिवसा पेंगतोय, बोलण्याकडे लक्षच लागत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर बिघडणं, नुकतीच सुरू केलेली गोळी हे आधी शोधायचं असतं. म्हातारपणी लघवीच्या संसर्गात जळजळ किंवा ताप असेलच असं नाही. रात्री उठायला नको म्हणून आज्जी-आज्जा संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, त्यात बद्धकोष्ठाची भर पडते. सकाळपासून दुपारपर्यंत पाणी, ताक, पेज पोटात जाईल असं बघा.

"शांत करायचं इंजेक्शन द्या" म्हणणं

रात्री माणूस ओरडायला लागला की घरचे घाबरून जवळच्या दवाखान्यात नेतात आणि तिथं हॅलोपेरिडॉल टोचलं जातं. ते डोपामाइनचा रस्ताच अडवतं. पार्किन्सनच्या माणसाला त्यानं कित्येक दिवस हलता येत नाही असं होऊ शकतं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांचंही तेच. उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म, आणि प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, हीसुद्धा टाळायची. उलटीला सहसा डोम्पेरिडोन देतात, पण हृदयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. भासांवर औषध लागलंच तर क्वेटियापिन थोड्या मात्रेत देतात, किंवा क्लोझापिन, ज्यात पांढऱ्या पेशींसाठी नेमानं रक्त तपासावं लागतं. विसराळूपणाही असेल तर रिव्हास्टिग्मिनचा विचार होतो.

टाळायच्या औषधांची नावं एका कार्डावर लिहून माणसाच्या खिशात ठेवा, इंग्रजीत आणि कन्नडात दोन्हीकडे. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री असलेल्या सिस्टरना मराठी वाचता येईलच असं नाही. शाळेत कन्नड शिकणारं घरातलं पोर ते लिहून देईल.

वाद घालणं, नाहीतर नाटक करणं

"कुठं आहेत पोरं? काहीतरीच बोलू नका" असं तोडून टाकलं की माणूस पुढं सांगायचंच बंद करतो. उलट, त्या पोरांना खाऊ देण्याचं नाटकही नको. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला दिसतात हे कळतंय. मी इथंच आहे," एवढं पुरतं. सुरुवातीला पुष्कळांना हे खरं नाही याची जाण असते. भीती वाटत नसेल आणि ती जाण शाबूत असेल, तर कधी कधी नवं औषध लागतही नाही.

दिवेलागणीनंतर भास वाढतात, तेव्हा सोप्यातला दिवा लवकर लावा. पावसाळ्यात खुंटीवर टांगलेलं घोंगडं किंवा रेनकोट अंधुक उजेडात माणसासारखा दिसतो, तो आत ठेवा. मोतीबिंदू राहिला असेल तर डोळे तपासून घ्या.

डॉक्टरांपुढं लपवणं

वेडा ठरवतील या भीतीनं रुग्ण गप्प राहतो आणि घरची माणसं लाजेनं. बेळगावचं केएलई रुग्णालय असो, सरकारी बिम्स असो की खासगी दवाखाना, "बाहेरचं लागलंय" किंवा "डोकं फिरलंय" असं सांगू नका. काय दिसतं, कधी दिसतं, भीती वाटते का, कोणती गोळी कधी बदलली, हे सांगा. कन्नड अडखळत असेल तर घरूनच कागदावर उतरवून न्या. आणि रुग्णाला तुम्ही स्वतःहून विचारा, सौम्यपणे, एकटे असताना.

काही घरांत भासांच्या पुढं संशय येतो. सुनेनं पैसे चोरले, बायकोचं बाहेर काहीतरी आहे, असे आरोप होतात. ज्या बाईनं रात्रंदिवस सेवा केली तिच्यावरच ते होतात, आणि ते तिच्या जिव्हारी लागतं. हेही आजाराचंच लक्षण आहे, हे घरातल्या सगळ्यांनी तिच्यासमोर मोठ्यानं म्हणायला हवं. असं सुरू झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, कोयता-विळी नजरेआड ठेवा, आणि रात्रीची जाग तिच्या एकटीवर टाकू नका. तिला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर मानसिक आधारासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.