क्रूझवर कायमचं राहायचंय? आधी मेडिकेअर तपासा
अमेरिकेत निवृत्तीनंतर ज्येष्ठांच्या वसाहतीऐवजी क्रूझवरच राहायचा विचार असेल, तर भाड्याआधी आजारपणाचा हिशेब करा. जहाज अमेरिकी बंदरात किंवा तिथून 6 तासांच्या आत असेल, तरच मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) जहाजावरच्या उपचारांचा खर्च देऊ शकतं. मेडिगॅपच्या, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायच्या खासगी विम्याच्या, काही योजना परदेशातले तातडीचे उपचार धरतात, पण प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांतले, आणि आयुष्यभरात 50,000 डॉलरपर्यंतच. बाराही महिने समुद्रावर असणाऱ्याला हे कसं पुरणार? म्हणून रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्चही देणारा वेगळा विमा घ्याच. एकटे असाल तर खोलीला दोघांचं भाडं पडतं का, तेही विचारा. अंघोळीला, उठायला-बसायला रोज माणूस लागत असेल, तर मात्र हा बेत सोडा. जहाजावरचा दवाखाना तेवढ्यासाठी नसतो.