सक्युलंटचं बी पेरताना मातीखाली झाकू नका

एचेव्हेरिया, लिथॉप्स अशा सक्युलंटचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांचं, बी धुळीच्या कणाइतकं बारीक असतं. त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, शिवाय बहुतेकांना रुजायला उजेड लागतो. म्हणून ते मातीवर नुसतं भुरभुरायचं. बारीक कोरड्या वाळूत मिसळून टाकलं तर एकाच जागी ढीग होत नाही.

माती मात्र मन लावून तयार करा. चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि जाडसर वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे सच्छिद्र खडे) दोन भाग. पेरण्याआधी त्यावर उकळतं पाणी ओता, निथळू द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. रोपं जातात ती बहुधा बुरशीने. एका रात्रीत देठ काळा पडून अख्खी कुंडी आडवी होते, फार जीव हळहळतो. वरून पाणी घालू नका, बी वाहून जातं. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की काढा.

वर पारदर्शक झाकण, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही, तापमान साधारण २० ते २५ अंश. ताजं बी आठवड्याभरातही उगवतं, काहींना तीन आठवडे लागतात. कोंब दिसले की झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवा. एकदम काढलं तर कोवळी रोपं सुकतात.

पुनर्लागवडीची घाई मुळीच नको. सहा महिने तरी त्यांना एकमेकांच्या सोबतीने वाढू द्या. आणि संकरित झाडाचं बी असेल तर रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. मला तर त्यातच खरी मजा वाटते.