म्हातारं माणूस घेऊन वर्षभर फिरायचं असेल तर

घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं माणूस आहे आणि तरी लग्न, तेरवी, देवदर्शन, महालक्ष्म्या यातलं काहीच चुकवायचं नाही, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, नणंद शेगावजवळ, धाकटे दीर पुण्याला. सासूबाई ७८ वर्षांच्या. गुडघे गेलेत, बीपीची गोळी चालू आहे, पण लग्नाची पत्रिका आली की त्याच दिवशी नेसायचं पातळ काढून ठेवतात. त्यांना "तुम्ही घरीच राहा" म्हणायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मग तयारी आपली आपण करायची. ती आदल्या रात्री होत नाही, गुढीपाडव्यालाच वर्षाचा अंदाज घ्यावा लागतो.

सगळ्यात आधी कमोडची खुर्ची. कपडे, औषधं, आहेर, सगळं तिच्यानंतर. औषधं कोणी विसरत नाही, त्याची धास्ती सगळ्यांनाच असते. खुर्ची मात्र राहते. ती बॅगेत मावत नाही, गाडीच्या टपावर बांधायला पुरुषमाणसांना लाज वाटते, आणि "तिथं काहीतरी सोय असेलच" असं जो तो म्हणतो. तिथं काही नसतं. खेड्यातल्या लग्नघरी एक संडास असतो, तोही उकिडवं बसायचा, ओट्यावर चढून जायचा, दार अरुंद आणि आत धरायला काही नाही. गुडघे वाकत नाहीत त्या बाईला तिथं बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. हे ती कोणाला सांगत नाही. मुलाला तर मुळीच नाही. सुनेनं बाजूला नेऊन विचारलं तर सांगेल. कोणी विचारलं नाही तर तिच्याकडे एकच उपाय उरतो, तो ती गुपचूप करते: पाणी पिणं बंद करते.

गेल्या मे महिन्यात खुर्ची घरीच राहिली होती. हळदीच्या संध्याकाळपासून सासूबाईंनी धड पेलाभर पाणी घेतलं नव्हतं आणि लग्नाच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडायच्या आधी त्या मला नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या. तालुक्याला नेऊन सलाइन लावलं, रात्रीपर्यंत सावरल्या. म्हातारपणी तहान मुळातच कमी जाणवते, बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यात आपल्याकडचं वैशाखातलं ऊन. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला नवीन नाही. ही तिन्ही कारणं एका दिवशी गाठ पडली की चांगलं बोलतंचालतं माणूस भ्रमल्यासारखं करू लागतं.

म्हणून खुर्ची. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकलच्या दुकानात फोल्डिंगची मिळते. घेताना दुकानातच उघडून बघा, खटका नीट बसतो का, पायांना रबरी टोप्या आहेत का, खालच्या भांड्याला झाकण आहे का. स्वतः बसून बघा, हलते का ते कळतं. तिची रुंदी टेपनं मोजून लिहून ठेवा आणि ज्या घरी जायचं त्यांना फोन करून संडासच्या दाराची रुंदी विचारा. संकोच करू नका. आहेरात काय आणायचं हे आपण विचारतोच, तसं हेही विचारायचं. दार अरुंद निघालं तर खुर्ची झोपायच्या खोलीतच एका कोपऱ्यात ठेवायची आणि पुढं जुन्या साडीचा पडदा बांधायचा. त्यासाठी सुतळी सोबत हवी. भांड्यात आधीच तांब्याभर पाणी घालून ठेवलं की धुणं सोपं जातं. जवळ बादली, मग, साबण, फिनाइल, टॉर्च. लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टॉर्च त्यांच्या उशाशी, आपल्या नव्हे. रात्री कोण उठणार ते झोपायच्या आधी नाव घेऊन ठरवा. "आम्ही सगळे आहोतच ना" असं झालं की रात्री दोनला कोणीच उठत नाही.

खुर्ची मांडली की ती त्यांना दाखवा आणि मगच पाण्याचा पेला हातात द्या. हा क्रम मोडू नका. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या पाणी पिणार नाहीत.

आता उन्हाळ्याचं बाकीचं. प्रवास सकाळी दहाच्या आत संपवायचा किंवा ऊन उतरल्यावर निघायचं. टिनाच्या मांडवात म्हाताऱ्या माणसाला बसवायचं नाही. कूलरची खोली कोणती ते विचारून त्यांची बाज आधीच तिथं टाकायची, नाहीतर त्या खोलीत वराकडची मंडळी बसतात आणि मग कोणाला उठवता येत नाही. पाण्याची बाटली त्यांची वेगळी, रंगीत दोरा बांधलेली, म्हणजे किती संपली ते कळतं. तासातासानं दोन-चार घोट, मागायची वाट बघायची नाही. ताक, पन्हं चालतं, साखरेचा त्रास असेल तर पन्ह्यावर हात आखडता. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. पेल्यात चिमूटभर टाकून ढवळणारे मी बघितलेत, तसं करू नका. उन्हाळ्यात गोळ्यांचं प्रमाण बदलायचं का हे डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारा आणि आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नका. जीभ कोरडी, लघवी कमी आणि गडद, उठताना चक्कर, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर "थकल्या असतील" म्हणून झोपवायचं नाही. सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. लग्नाचं जेवण तीन वाजता होतं, तोवर गोळीवालं माणूस उपाशी राहू शकत नाही. भाकरीचा डबा घरून न्या, पाहुण्यांना राग आला तर येऊ द्या.

एसटीनं जायचं तर ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवावं लागतं. ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांना २०२३ पासून अर्धं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते. आम्ही प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल नेतो, त्यावर पाय, मग पायरी. स्टूल चार पायांवर ठाम उभं राहणारं हवं, एकानं खालून कंबरेला आणि एकानं वरून हाताला धरायचं. खासगी स्लीपर गाडीनं पुण्याला रात्रीचा प्रवास म्हाताऱ्या माणसाला घडवू नका. गाडीत संडास नसतो, एकदा ढाब्यावर थांबते, तिथं अंधार आणि चिखल. मग पुन्हा तेच, पाणी बंद. त्यापेक्षा बडनेऱ्याहून रेल्वे बरी, डब्यात एखादा तरी कमोडचा संडास असतो. तिकीट साठ दिवस आधी निघतं. खालचा बर्थ हवा असेल तर म्हाताऱ्यांचं तिकीट वेगळं काढा: खालच्या बर्थच्या कोट्यात ४५ वर्षांवरच्या बाईला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला बर्थ मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा फार तर दोनच माणसं. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं की हा कोटा लागत नाही आणि आई वरच्या बर्थखाली उभी.

कागदपत्रांची एक पिशवी कायमची भरलेली ठेवा. आधार, बँकेचं पासबुक, शेवटची रक्त तपासणी, गोळ्यांची यादी. यादीत कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्राम लिहा. दारव्ह्यात मिळते त्याच कंपनीची गोळी शेगावच्या दुकानात मिळेलच असं नाही. ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघालं आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यातले उपचार. काढलं नसेल तर या आठवड्यात काढा, आजारी पडल्यावर आधारवरचा मोबाइल नंबर कोणाचा हे शोधत बसायला वेळ नसतो.

पावसाळ्यात शक्यतो कुठं नेऊ नका. नाल्याला पूर आला की गाव तुटतं. पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला नातवंडं येतातच, त्यांनीच यावं.

महालक्ष्म्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तेव्हा आपण कुठं जात नाही, सगळे आपल्याकडे येतात, आणि घरच्या घरी चूक होते. तीन दिवस घरात पंचवीस-तीस माणसं. पाहुणे यायचे म्हणून आवराआवर करताना पहिली उचलली जाते ती कमोडची खुर्ची. दिसायला बरं दिसत नाही म्हणून कोणीतरी ती माळ्यावर टाकतं. टाकू देऊ नका. ती खोली त्यांची, तो कोपरा त्यांचा, दाराला पडदा लावा आणि पोरांना एकदा समजावून सांगा. त्यांची बाजही पाहुण्यांना द्यायची नाही. त्या स्वतःच देऊ लागतील, तरीही नाही. गाद्यांची थप्पी त्यांच्या खोलीत रचायची नाही, रात्री उठताना पाय अडकतो. मात्र त्यांना नुसतं बसवूनही ठेवू नका. सोळा भाज्या निवडणं, वाती वळणं, आंबिलीत मीठ किती हे सांगणं, मुखवट्यांना पातळ कोणतं नेसवायचं हे ठरवणं ही कामं त्यांचीच आहेत. आमच्या घरी ज्येष्ठा कनिष्ठेच्या निऱ्या अजून त्याच घालतात, खुर्चीवर बसून, पिना तोंडात धरून, आणि त्या वेळी मध्ये कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. पूजेच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत त्या काही खाणार नाहीत म्हणतील. गोळीपुरतं दूध-केळं आधी द्या. देवीला ते चालतं, असं घरातल्या दुसऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून म्हणवून घ्या, आपलं ऐकत नाहीत.

नवरात्रात माहूरला पायऱ्या आहेत, गर्दीही आहे. नवरात्र सोडून जा. शेगावला प्रकटदिन, म्हणजे माघ वद्य सप्तमी, ऋषिपंचमी आणि गुरुवार टाळा. साध्या मंगळवारी नेलं तर दर्शन निवांत होतं आणि नणंदेकडे मुक्कामही घडतो. मुक्काम म्हटलं की खुर्ची, मग लेकीचं घर का असेना. लेकीच्या घरी तर त्या जास्तच संकोचतात.

दिवाळीत विशेष काही नाही. फटाके लांब. भाऊबीजेला भाऊ त्यांच्याकडे येतो की त्या जातात हे आधी ठरवा. माझ्या माहेरी नंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा असते, रात्रभर नाटक चालतं. हौस असेल तर पहिला अंक बघून परत आणा, शाल आणि कानाला मफलर, थंडी पडलेली असते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. सासऱ्यांची पेन्शन सासूबाईंना आहे म्हणून हे आमच्याकडे महत्त्वाचं. दिवाळी आटोपली की पहिल्या आठवड्यातच उरका, फिरण्याच्या नादात महिना संपतो आणि पेन्शन अडकते. ज्यांनी आयुष्यभर कापूस वेचला त्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, चार-चार वेळा लावूनही नाही. चेहऱ्यावरून दाखला निघतो, मोबाइलवरच, चांगल्या उजेडात बसवा. नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, पोस्टात सांगून ठेवा.

हिवाळ्यात हुरडा, रोडगे, शेतात पंगती. शेतात खुर्ची न्यायची, हो, शेतातही. तुरीच्या आड साडीचा पडदा होतो. रोडगे पचायला जड, अर्धा पुरे. पहाटेचा प्रवास नको. डिसेंबर-जानेवारीत डोळे, दात, रक्त तपासून घ्या, उन्हाळ्यात वेळ होत नाही. तेरवीचं बोलावणं कधीही येतं, त्यासाठी कपड्यांची एक जोडी आणि चार दिवसांच्या गोळ्या नेहमी बांधलेल्या असू द्या. काठीचं खालचं रबर झिजलं की बदला.

पैशाचं आणि पाळीचं भावंडांत पाडव्याच्या आत लिहून घ्या: कोणत्या महिन्यात कोण येऊन राहणार, गाडीचं भाडं कोण देणार. फोनवर "बघू" म्हणतील. तारीख घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.